रस्त्यावरचा ट्रक आणि प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक: जमिनीतून येणाऱ्या कंपनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बसवला आणि चित्रातल्या कडा करवतीसारख्या दिसू लागल्या. किंवा बऱ्याच प्रतीक्षेनंतर प्रयोगशाळेला जागा मिळाली, पण ती नेमकी हमरस्त्याला चिकटून. अशा वेळी हटकून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. थोडी आकडेमोड आहे, पण ती कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर उरकण्यासारखी आहे.

मी खोलीत उभा राहतो तेव्हा मला काहीच जाणवत नाही. मग उपकरणाला कसे जाणवते?

कारण तुमचे पाय फार जाड कानाचे आहेत. जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला साधारण १०० मायक्रोमीटरच्या आसपास गेला की माणसाला ते जेमतेम कळू लागते. चांगल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी जी मर्यादा नेहमी सांगितली जाते ती सेकंदाला सुमारे ६ मायक्रोमीटर, म्हणजे तुमच्या जाणिवेच्या सोळाव्या हिश्शाइतकी. कंपन १० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १० वेळा होणारे असेल तर या वेगाला जमीन सुमारे १०० नॅनोमीटर मागेपुढे होते. सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या असतात नॅनोमीटरभराच्या गोष्टी.

मग १०० नॅनोमीटर हलणाऱ्या जमिनीवर तो चालतो तरी कसा, हा पुढचा प्रश्न रास्तच आहे. धावत्या गाडीत लिहिताना वही आणि हात एकत्र हलले तर अक्षर फारसे बिघडत नाही. वही मांडीवर आणि कोपर खिडकीवर असेल तर बिघडते. उपकरणाचेही तसेच. नमुना आणि त्याच्यावरचा किरण किंवा सुई एकत्र हलली तर चित्र स्थिर राहते. दोघांमध्ये फरक पडला की चित्र हलते, आणि उपकरणाचा एखादा भाग स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेवर (धक्का दिल्यावर तो ज्या लयीत आपोआप झुलतो तिच्यावर) झुलू लागला की हा फरक सर्वांत जास्त पडतो. म्हणून 'कंपन किती' याच्या आधी 'कोणत्या वारंवारितेचे' हे विचारावे लागते. या पानावरचे बरेचसे गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळे झालेले आहेत.

गाडी गेली की जमीन का हलते? वजनामुळे?

निव्वळ वजनामुळे फारसे नाही. गुळगुळीत रस्त्यावरून सावकाश जाणारा जड ट्रक जमिनीला तितकासा त्रास देत नाही. तोच ट्रक खड्ड्यातून, गतिरोधकावरून किंवा खचलेल्या मॅनहोलच्या झाकणावरून गेला की चाक आदळते आणि तो ठोसा जमिनीत उतरतो. स्प्रिंगांवर बसलेले गाडीचे धूड सेकंदाला एक ते तीन वेळा डोलते. चाके आणि अ‍ॅक्सल त्याहून वेगाने, साधारण १० हर्ट्झच्या आसपास उसळतात. रस्त्यातल्या नियमित खाचाही आपली वारंवारिता उमटवतात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने जाताना खाचा एकेक मीटरवर असतील तर ठोसे सेकंदाला १० पडतात.

पुढचा प्रवास मुख्यतः पृष्ठतरंगांचा. जमिनीवर उभ्या दिशेने हादरे देणाऱ्या गोल पायाचे गणित १९५५ मध्ये मिलर आणि पर्सी यांनी मांडले. एकसंध जमिनीत सुमारे ६७ टक्के ऊर्जा रॅले तरंगांत (हा पृष्ठतरंगांचाच प्रकार) जाते, २६ टक्के अवतरंगांत (यांत माती तरंगाच्या दिशेला आडवी हलते) आणि अवघी ७ टक्के दाबतरंगांत, असे त्यातून निघाले. खरी जमीन एकसंध नसते, पण पारडे कुणीकडे झुकते ते यावरून कळते.

रस्त्यापासून किती लांब गेले म्हणजे निर्धास्त?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पृष्ठतरंग तळ्यातल्या वलयांसारखे पसरतात, त्यामुळे अंतर दुप्पट झाले तरी त्यांचा जोर निम्मा होत नाही, ३० टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. त्याशिवाय माती स्वतः थोडी ऊर्जा खाते, पण ती खाते जास्त वारंवारितेची. ५० हर्ट्झची कुरकुर थोड्या अंतरात विरते. तीन-चार हर्ट्झचा डोल दूरवर पोचतो. त्यामुळे २० मीटरवरून ४० मीटरवर गेल्याने कानाला आणि पायाला फरक जाणवेल, उपकरणाला कदाचित जाणवणार नाही.

जमिनीचे थरही आपापले काम करतात. कठीण खडकावर मऊ मातीचा ५ मीटर थर असेल आणि त्यात अवतरंगांचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर थराची स्वतःची वारंवारिता निघते २०० भागिले जाडीची चौपट, म्हणजे २०० भागिले २०, म्हणजे १० हर्ट्झ. नेमकी तीच, जिच्यावर चाके उसळतात. अशा जागी रस्ता लांब असूनही कंपन जास्त मिळू शकते, आणि खडकावरची जवळची जागा शांत निघू शकते. नकाशावरचे अंतर पाहून जागा निवडणाऱ्यांना हे सांगताना माझे नेहमी वाद होतात.

व्हीसी-सी, व्हीसी-डी, व्हीसी-ई हे काय प्रकरण आहे?

व्हीसी म्हणजे 'व्हायब्रेशन क्रायटेरियन', कंपनाची मर्यादा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक उंगर आणि कॉलिन गॉर्डन या अभियंत्यांनी मायक्रोचिप बनवणाऱ्या कारखान्यांसाठी या मर्यादा आखल्या. तेव्हा प्रत्येक यंत्राच्या उत्पादकाचे स्वतंत्र निकष हाताशी नसत. इमारत तर आधी बांधायची असे. म्हणून उपकरणांचे ढोबळ वर्ग पाडले. व्हीसी-ए म्हणजे सेकंदाला ५० मायक्रोमीटर, आणि पुढे प्रत्येक पायरीला निम्मे: बी २५, सी १२.५, डी ६.२५, ई ३.१२. साधे प्रकाशीय सूक्ष्मदर्शक आणि सूक्ष्मतराजू ए वर्गात निभावतात. बरेच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक डी मध्ये बसतात. ई च्या खालची जागा वापरात असलेल्या इमारतीत मिळणे हे नशीबच म्हणायचे.

या आकड्यांबरोबर तीन शेपट्या येतात आणि त्या विसरल्या की घोटाळा होतो. पहिली, हा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) वेग आहे, शिखराचा नव्हे. दुसरी, तो एक तृतीयांश ऑक्टेव्हच्या, म्हणजे वारंवारितेच्या प्रत्येक अरुंद पट्ट्यात वेगवेगळा पाहायचा असतो. सगळ्या वारंवारिता एकत्र मिसळलेल्या एकाच आकड्याशी त्याची तुलना होत नाही. तिसरी, डेसिबल. काही अहवालांत संदर्भपातळी सेकंदाला एक मायक्रोइंच असते, काहींत एक नॅनोमीटर. दोघांत सुमारे २८ डेसिबलचे अंतर आहे. दोन अहवालांतले डेसिबल शेजारी ठेवून 'हा जास्त शांत' म्हणणे म्हणजे मैल आणि किलोमीटर न पाहता शर्यतीचा निकाल लावणे.

आणि हो, उपकरणाच्या उत्पादकाने स्वतःची मर्यादा दिलेली असेल तर तीच धरायची. हे वर्ग ती नसेल तेव्हासाठी आहेत.

मोबाइलवर कंपन मोजायचे अ‍ॅप आहे. चालेल का?

नाही. सेकंदाला ६ मायक्रोमीटर, १० हर्ट्झ, याचे त्वरण काढले तर ते गुरुत्वत्वरणाच्या २५ हजाराव्या भागाइतके येते. फोनमधल्या संवेदकाचा स्वतःचा गोंगाटच त्याहून मोठा असतो. अ‍ॅपवर दिसणारी रेघ तुमच्या जमिनीची नसते, फोनची असते.

मग मोजायचे कसे?

कमी वारंवारितेला चालणारा जिओफोन (जमिनीच्या हालचालीचा वेग टिपणारा संवेदक), भूकंपमापी किंवा खास कमी गोंगाटाचा त्वरणमापी हवा. तिन्ही दिशांत मोजायचे, कारण काही उपकरणांना उभ्या कंपनापेक्षा आडवे जास्त छळते. संवेदक थेट काँक्रीटवर ठेवायचा. गालिचा, उचललेली खोटी फरशी, डुगडुगणारी टाइल, यांवर ठेवला तर आपण त्यांनाच मोजतो.

किती वेळ मोजायचे यावर कंजुषी नको. निदान एक पूर्ण दिवस-रात्र, शक्य तर कामाचा एक दिवस आणि सुटीचा एक. दुपारी तीन वाजता अर्धा तास मोजून दिलेला अहवाल पहाटेच्या मालट्रकांविषयी काहीच सांगत नाही. अहवालात नुसती सरासरी मागू नका. ट्रक दहा सेकंदांत निघून जातो आणि तासाच्या सरासरीत विरघळतो. पण तुमचे एक चित्र घ्यायला मिनिटभर लागत असेल तर ते दहा सेकंद चित्रात सापडणारच. सरासरी, कमाल पातळी आणि अशा घटना तासाला किती वेळा घडतात, या तिन्ही गोष्टी हव्यात.

त्रास रहदारीचाच आहे हे कशावरून?

सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. रस्ता खिडकीतून दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी जातो. खरा अपराधी अनेकदा गच्चीवरचा पंखा असतो, तळघरातला पंप असतो किंवा बाहेरच्या मार्गिकेतून टाचा आपटत जाणारी माणसे असतात. वरच्या मजल्यांवर तर माणसांचे चालणे रहदारीला सहज मागे टाकते.

आलेख पाहिला की बरेच उलगडते. रहदारीचा उंचवटा पसरट असतो, साधारण ५ ते २० हर्ट्झमध्ये, आणि तो येतो-जातो. यंत्राची शिखरे सुईसारखी आणि एकाच जागी ठाण मांडून बसलेली. मिनिटाला १४५० फेरे घेणारी मोटर २४ हर्ट्झच्या जरा वर दिसते, २९०० फेऱ्यांची ४८ च्या आसपास. बरोबर ५० हर्ट्झवर शिखर असेल तर आधी वीज आणि तिचे चुंबकीय क्षेत्र यांवर संशय घ्या.

साधन नसेल तर सूक्ष्मदर्शकाचे चित्रच साक्षीदार करता येते. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात चित्र रेघेरेघेने भरते. एक रेघ २० मिलिसेकंदांत होत असेल आणि कडेवरचे दाते दर पाच रेघांनी पुन्हा येत असतील, तर आवर्तकाळ १०० मिलिसेकंद, वारंवारिता १० हर्ट्झ. आता इलेक्ट्रॉनांना वेग देणारे प्रवेगक व्होल्टेज कमी करून तेच चित्र घ्या. दाते मोठे झाले तर दोष बहुधा चुंबकीय क्षेत्राचा, कारण मंद इलेक्ट्रॉन जास्त वाकतात. दाते होते तेवढेच राहिले तर कंपनाचा. दहा मिनिटांची ही चाचणी न करता लाखमोलाचे टेबल मागवणारे लोक मी पाहिले आहेत.

एक आडवळण: मोठी वाहने आणि गाड्या कंपनाशिवायही त्रास देतात. लोखंडाचे एवढे धूड जवळून गेले की आसपासचे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते. विजेवर चालणाऱ्या रेल्वेत तर प्रवाहच बदलत असतो. त्यावर कंपनरोधक टेबलाचा शून्य उपयोग.

रस्ता आणि इमारतीच्या मध्ये चर खणला तर?

कल्पना सुरेख, आकडे क्रूर. रिचर्ड वूड्स यांनी १९६८ मध्ये प्रत्यक्ष जमिनीवर केलेल्या प्रयोगांतून ढोबळ नियम निघाला: चर उपयोगी पडायला त्याची खोली तरंगलांबीच्या सुमारे ०.६ पट हवी. रॅले तरंगांचा वेग सेकंदाला २०० मीटर धरला तर १० हर्ट्झची तरंगलांबी २० मीटर. चराची खोली १२ मीटर! तोही मोकळा राहायला हवा. पाणी किंवा गाळ साचला की परिणाम घटतो. ४० हर्ट्झसाठी मात्र तीन मीटर पुरतात. म्हणून आगगाडीच्या रुळांच्या खडखडाटावर चर कधी कधी चालतो, ट्रकच्या डोलावर सहसा नाही.

झाडे लावली तर?

सावली मिळेल.

खोलीत मीटरभर जाड काँक्रीटचा चौथरा ओतला तर?

पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, एक मीटर जाड. वजन सुमारे ६० टन. ऐकायला भरभक्कम, पण २० मीटरच्या तरंगापुढे तो लाटेवरच्या फळीसारखा आहे. लाट वर गेली की फळी वर, खाली गेली की खाली. कमी वारंवारितेच्या रहदारीवर जाड चौथऱ्याचा फायदा नाममात्र.

त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. चौथरा बाकीच्या फरशीपासून सांधा सोडून वेगळा केला तर खोलीतल्या माणसांचे चालणे, खुर्च्यांचे सरकणे, शेजारचा पंप यांपासून बचाव होतो. शिवाय सक्रिय (हालचाल टिपून उलट ढकलणाऱ्या) कंपनरोधकाला घट्ट पाया लागतो, तोही मिळतो. फक्त बांधकामाच्या वेळी त्या सांध्यात खडी-सिमेंट पडू देऊ नका. एकाच जागी पूल झाला तरी वेगळेपण संपले.

कंपनरोधक टेबल घेतले की काम झाले, असे विक्रेता म्हणतो.

त्याला एकच विचारा: त्याची नैसर्गिक वारंवारिता किती? स्प्रिंग असो वा रबर, कोणताही साधा आधार आपल्या नैसर्गिक वारंवारितेच्या १.४१ पटीच्या वरच कंपन कमी करतो. त्याखाली तो काही करत नाही किंवा उलट वाढवतो.

वजनाखाली आधार किती दबतो यावरून ती वारंवारिता काढता येते. अडीच मिलिमीटर दबला तर १० हर्ट्झ. एक सेंटिमीटर दबला तर ५. एक हर्ट्झसाठी २५ सेंटिमीटर दबायला हवे, आणि म्हणूनच साध्या स्प्रिंगने तिथे पोचणे अवघड. आता पाहा: उपकरणाच्या पायांखाली रबराच्या गाद्या सरकवल्या, त्या दोन-अडीच मिलिमीटर दबल्या, म्हणजे आपण १० हर्ट्झवर झुलणारा पाळणा बांधला आणि तो रहदारीच्या ऐन पट्ट्यात टांगला. 'गाद्या घातल्यापासून जास्तच बिघडले' ही तक्रार खोटी नसते.

हवेवर तरंगणारी टेबले साधारण दीड-दोन हर्ट्झची असतात आणि १० हर्ट्झवर छान काम करतात. पण ट्रकच्या एक ते तीन हर्ट्झच्या डोलाला तीच साथ देतात. तिथे सक्रिय प्रणाली लागते: संवेदक हालचाल टिपतो आणि उलट दिशेने ढकलतो. ती एक हर्ट्झच्या आसपासही उपयोगी पडते. बऱ्याच सूक्ष्मदर्शकांच्या पोटात हवेचे आधार आधीच बसवलेले असतात. त्यांच्याखाली आणखी एक मऊ टेबल ठेवले तर दोघे एकमेकांना झुलवू शकतात. आधी उत्पादकाला विचारा.

रस्त्यावरच काही करता येत नाही का?

येते, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. खड्डे बुजवणे, मॅनहोलची झाकणे रस्त्याच्या पातळीत आणणे, पुलाच्या सांध्यांची दुरुस्ती, जड वाहनांचा वेग कमी ठेवणे. वेग कमी करण्यासाठी प्रयोगशाळेसमोर गतिरोधक मात्र बसवू नका. असे घडते, आणि सद्हेतूने घडते. मग प्रत्येक ट्रक बरोबर सूक्ष्मदर्शकासमोर आपटतो. अडचण एवढीच की टेबल संस्थेच्या अंदाजपत्रकातून येते आणि रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात असतो. त्यामुळे स्वस्त उपाय पत्रव्यवहारात अडकतो आणि महाग उपाय महिन्यात येतो.

शेजारून रेल्वे किंवा मेट्रो जाणार आहे. आता?

बांधकामाच्या आधी बोला. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आपल्या परिसराखालून जाणाऱ्या लाइट रेलबाबत कंपन आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंच्या मर्यादा कराराने आधीच ठरवून घेतल्या. मिनेसोटा विद्यापीठाचा अशाच लाइट रेलवरचा वाद २००९ मध्ये न्यायालयापर्यंत गेला आणि नंतर तडजोडीने मिटला. ती गाडी २०१४ मध्ये सुरू झाली.

रुळांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे रबर किंवा स्प्रिंगांवर तरंगता काँक्रीटचा पट्टा. पण वरचा नियम त्यालाही लागू आहे. अशा पट्ट्याची नैसर्गिक वारंवारिता साधारण ८ ते १६ हर्ट्झ असते आणि तिथे तो कंपन थोडे वाढवू शकतो. रहिवाशांना ऐकू येणारी घरघर गेली म्हणजे प्रयोगशाळेचे भले झाले असे नाही. त्याबरोबर रूळ घासून गुळगुळीत ठेवणे, सपाट झिजलेली चाके बदलणे आणि गाड्या रूळ बदलतात ती जागा इमारतीपासून दूर ठेवणे, हेही करारात लिहून घ्या.

हा त्रास आधुनिक उपकरणांमुळेच सुरू झाला ना?

मुळीच नाही. १८८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी आपला व्यतिकरणमापी (दोन प्रकाशकिरण एकत्र आणून उमटणारे पट्टे पाहणारे उपकरण) बर्लिनमध्ये लावला तेव्हा शहराच्या हादऱ्यांनी पट्टे टिकेनात, रात्री दोन वाजतासुद्धा. त्यांनी उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेले. तिथे मोजमाप जमले, पण सुमारे १०० मीटरवर फरसबंदीवर कुणी पाय आपटला तरी पट्टे नाहीसे होत. १८८७ मध्ये मोर्ले यांच्यासह केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात त्यांनी दगडी शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली, हे वाचताना आजची हवेवरची टेबले आठवतात.

अलीकडचे उदाहरण गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगोचे. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेजवळ लाकूडतोड चालते आणि आगगाड्या जातात. सुरुवातीला दिवसा तिथली यंत्रणा स्थिर ठेवणे कठीण होते. २००४ च्या सुमारास बाहेरच्या बाजूने हायड्रॉलिक सक्रिय प्रणाली बसवल्यावर दिवसाही काम शक्य झाले. २०२० च्या टाळेबंदीने तर सगळ्या जगाचा प्रयोग करून दाखवला: ११७ देशांतल्या २६८ भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी तपासल्या, त्यांतल्या १८५ ठिकाणी माणसांमुळे होणारा ४ ते १४ हर्ट्झचा गोंगाट स्पष्टपणे घटला होता, काही ठिकाणी निम्म्यापर्यंत.

या कंपनांनी इमारतीला तडे जातील का?

तड्यांची चर्चा सेकंदाला काही मिलिमीटरपासून पुढे सुरू होते, म्हणजे आपण बोलतो आहोत त्याच्या शेकडो पट वर. हे दोन विषय एकाच अहवालात एकत्र आले तर 'इमारत सुरक्षित आहे' हे वाक्य 'उपकरण चालेल' असे वाचले जाते. अहवाल वेगळे मागा.

नवी इमारत आहे. उपकरण कोणत्या मजल्यावर ठेवावे?

जमिनीवर थेट ओतलेल्या स्लॅबवर, शक्य तर तळघरात, रस्त्याच्या विरुद्ध टोकाला आणि लिफ्ट, जिना, यंत्रखोली यांपासून लांब. वरचे मजले स्वतःच पाच-दहा हर्ट्झला झुलतात. आराखड्यात ती खोली कुणी वाहनतळाच्या उताराखाली दाखवली असेल, तर पहिल्याच बैठकीत पेन्सिल काढा.

तीन वर्षांपूर्वी जागेची मोजणी झाली होती. तीच वापरली तर चालेल?

त्यानंतर रस्ता खणला गेला आहे का, मार्गावर बस वाढल्या आहेत का, शेजारी पंप किंवा जनित्र बसले आहे का? एकाचेही उत्तर हो असेल तर पुन्हा मोजा. जुना अहवाल फेकू नका. नव्याशेजारी ठेवला की काय बदलले ते त्यातूनच दिसेल.